नेमप्लेट १००० टनांची, मग ११०० टन येतात कुठून आणि उन्हाळ्यात जातात कुठे?

पॅनेल_नवा

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी अमोनिया प्लँटच्या कंट्रोल रूममध्ये आलो. त्याआधी दोन वर्षं युटिलिटीजला होतो, बॉयलर आणि कूलिंग टॉवरवर. सध्या फ्रंट एंडच्या (नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन बनवणाऱ्या पुढच्या भागाच्या) पॅनेलवर सीनियरच्या शेजारी बसून शिकतोय.

आमचा प्लँट दिवसाला १००० टनांचा. हिवाळ्यातली लॉगबुकं चाळली तर सलग कितीतरी दिवस १०८०, ११०० असे आकडे दिसतात. आता कडक उन्हाळा सुरू आहे आणि ९७०च्या पुढे आम्ही सरकत नाही. कॅटॅलिस्ट तोच, माणसं तीच, गॅसही हवा तितका मिळतोय. सकाळच्या मीटिंगला "लोड का कमी?" हा प्रश्न येतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. एक म्हणतो एअर कॉम्प्रेसर, दुसरा म्हणतो व्हॅक्यूम, तिसरा लूपकडे, म्हणजे गॅस फिरत फिरत अमोनिया होतो त्या भागाकडे, बोट दाखवतो.

मग क्षमता नक्की कशाला म्हणायचं? पाटीवरच्या आकड्याला, की त्या दिवशी निघेल त्याला? आणि वार्षिक अहवालात "क्षमतेच्या १०३ टक्के उत्पादन" असं लिहितात, ते कशाच्या १०३ टक्के?

कॉम्प्रेसरघर

तुमच्या तिन्ही सीनियरांचं बरोबर असू शकतं, कारण तिन्ही गोष्टी एकाच उन्हाला बांधलेल्या आहेत. माझं बरंचसं आयुष्य फिरत्या मशीनांजवळ गेलंय, तेव्हा हवेपासून सुरू करतो.

एक टन अमोनियात साधारण ८२३ किलो नायट्रोजन आणि १७७ किलो हायड्रोजन असतो. म्हणजे वजनाने पाहिलं तर आपण मुख्यतः हवाच विकतो. तेवढ्या नायट्रोजनसाठी टनामागे जवळपास १.१ टन हवा सेकंडरी रीफॉर्मरमध्ये (उरलेला मिथेन हवेच्या मदतीने फोडणाऱ्या भांड्यात) ढकलावी लागते. तुमच्या प्लँटला दिवसाला ११०० टन हवा लागते असं धरा.

आता सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर वजन ओढत नाही, आकारमान ओढतो. हवा १० अंशांवर असताना एका घनमीटरमध्ये जेवढं वजन मावतं, त्याच्यापेक्षा ४० अंशांवर जवळजवळ १० टक्के कमी मावतं. त्यात दमटपणा असेल तर हवेची जागा बाष्प खातं. मशीन तेवढ्याच जोरात फिरतंय, आवाज तोच, पण आत जाणारा नायट्रोजन कमी.

आणि ते फिरवणारी टर्बाइन? तिच्या सरफेस कंडेन्सरला, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या भांड्याला, कूलिंग टॉवरचं पाणी जातं. ते गरम झालं की व्हॅक्यूम पडतो, त्याच वाफेतून कमी ताकद मिळते. म्हणजे ज्या दिवशी जास्त फिरवायला हवं, नेमक्या त्याच दिवशी फिरवायची ताकद कमी. तुमच्या सीनियरांपैकी एक हवा म्हणाला आणि दुसरा व्हॅक्यूम म्हणाला, ते दोघे एकाच मशीनची दोन टोकं सांगत होते.

पुढचं पॅनेलवर स्वतः बघा. हवा कमी पडली की हायड्रोजन-नायट्रोजनचं ३:१ प्रमाण बिघडायला लागतं, हायड्रोजन वरचढ होतो. शिवाय सेकंडरीमध्ये जळायला ऑक्सिजन कमी, म्हणून तापमान उतरतं आणि न फुटलेला मिथेन जास्त बाहेर येतो. तो मिथेन लूपमध्ये काहीच करत नाही, नुसता फिरत राहतो आणि दाब वाढवतो. मग पर्ज, म्हणजे लूपमधून बाहेर सोडायचा गॅस, वाढवावा लागतो, आणि पर्जबरोबर हायड्रोजनही जातो. तिसरा सीनियर लूप म्हणाला, तो या साखळीच्या शेवटच्या कडीकडे बघत होता.

लॅबवाली

वर हवेचं छान मांडलंय. मी प्रयोगशाळेतून दिसतं ते सांगते, कारण लोडच्या चर्चेत आमचे आकडे सगळ्यात शेवटी उघडले जातात.

लो टेंपरेचर शिफ्टमधून (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणाऱ्या भांड्यातून) बाहेर पडणारा कार्बन मोनॉक्साइड बघा. नवा कॅटॅलिस्ट असताना तो ०.१ ते ०.२ टक्के असतो. वय झालं की हळूहळू चढतो. ०.१ वरून ०.२ झाला तर पॅनेलवर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. पण हिशेब करून बघा. कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू शिफ्ट झाला असता तर एक हायड्रोजन देऊन गेला असता. तो शिफ्ट झाला नाही, म्हणून मिथेनेटरमध्ये (उरलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा मिथेन करणाऱ्या भांड्यात) जाऊन आणखी तीन हायड्रोजन खातो. एकूण चार गेले. त्या ठिकाणी कोरड्या गॅसमध्ये हायड्रोजन साधारण ६० टक्के असतो, म्हणजे ०.१ टक्क्याच्या वाढीने उत्पादनाचा ०.६ ते ०.७ टक्का नाहीसा होतो. १००० टनांच्या प्लँटला रोजचे ६-७ टन. आणि मिथेनेटरमध्ये तयार झालेला मिथेन लूपमध्ये निष्क्रिय म्हणून जातो, तो पर्जमधून जे नेतो ते वेगळंच.

आम्ही नमुना आणतो, आकडा लिहितो, रजिस्टर बंद होतं. माझी मनापासून विनंती आहे की नव्या माणसांनी त्या आकड्यांचा वर्षभराचा आलेख काढावा. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही. आलेख सांगतो.

निवृत्त_शिफ्ट

मूळ प्रश्न क्षमतेचा आहे, तिकडे वळतो. अमोनियात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीच शिफ्ट इनचार्ज म्हणून.

पाटीवरचा आकडा वाईट दिवसासाठी लिहिलेला असतो. डिझाइन करणारा गरम हवा धरतो, गरम पाणी धरतो, आयुष्य संपत आलेला कॅटॅलिस्ट धरतो, आणि अशा परिस्थितीतही १००० निघतील याची हमी देतो. म्हणून थंडीत, ताज्या कॅटॅलिस्टवर ११०० येतात तेव्हा नवल नाही. ते वरचे १०० टन हवामानाचे आणि वयाचे आहेत, उधारीवर मिळालेले. पण भर उन्हाळ्यात ९७०? पोरा, हा आकडा मला खटकतो. उन्हाळा तर डिझाइनमध्येच धरलेला होता. म्हणजे कुठेतरी काहीतरी आजारी आहे आणि उन्हावर खापर फुटतंय.

आता अहवालातले १०३ टक्के. वार्षिक क्षमता बहुतेक ठिकाणी ३३० दिवसांवर काढतात. १००० गुणिले ३३० म्हणजे ३,३०,००० टन. एक प्लँट ११० टक्क्यांवर पळाला पण वर्षात २९० दिवसच चालला, तर ३,१९,०००. दुसरा कधीच पाटीच्या वर गेला नाही, पण ३४० दिवस शांतपणे चालला, तर ३,४०,०००. तो दुसरा अहवालात १०३ टक्के लिहितो. पहिल्याच्या कंट्रोल रूममध्ये ११००चे फोटो काढले असतील, पण टाकीत माल दुसऱ्याचा जास्त पडला.

एक ट्रिप झाली, म्हणजे प्लँट अचानक बंद पडला, सगळं थंड पडलं, परत उत्पादनावर यायला तीन दिवस लागले असं धर. ३००० टन गेले. ते रोज ३० टन जास्तीचे काढून भरायचे म्हटले तर १०० दिवस लागतात. हा हिशेब मी प्रत्येक नव्या बोर्डमनला (पॅनेलवर बसणाऱ्याला) पहिल्या आठवड्यात फळ्यावर करायला लावायचो.

लोडवाला

काकांचा आदर आहे, पण थोडा वेगळा सूर लावतो. मी प्रोसेसमध्ये आहे, रीव्हॅम्पची, म्हणजे जुना प्लँट सुधारण्याची, कामं करतो. "शांतपणे चालवा" याचा अर्थ लोक "हात लावू नका" असा घेतात, आणि मग वर्षानुवर्षं प्लँटमधली मोकळी जागा तशीच पडून राहते.

या उद्योगाचा इतिहासच क्षमता ओढत नेण्याचा आहे. १९१३ साली ओपाऊला बी.ए.एस.एफ.चा पहिला प्लँट सुरू झाला तो दिवसाला ३० टनांचा. १९६०च्या दशकात केलॉगने पिस्टनचे कॉम्प्रेसर टाकून सेंट्रिफ्यूगल बसवले आणि स्वतःच्या टाकाऊ उष्णतेच्या वाफेवर ते फिरवले, तिथून एका ट्रेनमध्ये (एका सलग उत्पादन-साखळीत) १००० टनांचा काळ आला. २००६ मध्ये सौदी अरेबियात अल जुबैलला ३३०० टनांची एकच ट्रेन उभी राहिली. ही झेप "आहे ते बरं आहे" म्हणून झालेली नाही.

जुन्या प्लँटमध्येही बरंच करता येतं. पर्ज गॅस जाळून टाकण्याऐवजी त्यातला हायड्रोजन मेंब्रेनने किंवा अतिशीत पद्धतीने परत मिळवला की तेवढ्याच गॅसमध्ये उत्पादन काही टक्क्यांनी वाढतं. कन्व्हर्टरमध्ये (जिथे अमोनिया तयार होतो त्या भांड्यात) सरळ उभ्या प्रवाहाची बास्केट काढून रेडियल, म्हणजे आडव्या प्रवाहाची, बसवली तर दाबाचा तोटा घटतो आणि बारीक दाण्याचा, जास्त चपळ कॅटॅलिस्ट भरता येतो. एअर कॉम्प्रेसरच्या सक्शनला चिलर बसवला तर उन्हाळा निम्मा कापता येतो. फक्त आधी बॉटलनेक नक्की ओळखावा लागतो. एक रुंद केला की दुसरा लगेच उभा राहतो: हवा वाढवली की रीफॉर्मरचा आय.डी. फॅन (धूर ओढणारा पंखा) पुरत नाही, तो वाढवला की कार्बन डायऑक्साइड काढणारं सोल्यूशन पुरत नाही.

पॅनेल_नवा

वाचतोय, वहीत उतरवून घेतोय. काका, "कुठेतरी आजारी आहे" हे शोधायचं कसं? पॅनेलवर हजारो टॅग आहेत.

निवृत्त_शिफ्ट

जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे तो शोध. जी टर्बाइन गव्हर्नर (तिला जाणारी वाफ कमी-जास्त करणारा) पूर्ण उघडून बसली आहे ती शोध. ज्याच्या हातात अजून काही शिल्लक आहे तो बॉटलनेक नव्हे. सगळं शंभर टक्के देऊन बसलेलं एखादंच असतं. तिथून मागे चालत जा आणि विचार, याला एवढं का द्यावं लागतंय?

कॉम्प्रेसरघर

एकदम सहमत. आणि एअर कॉम्प्रेसर निघाला तर तीन जागा आधी बघा. सक्शन फिल्टरचा डिफरन्शियल प्रेशर (दोन बाजूंच्या दाबातला फरक). इंटरकूलर, म्हणजे दोन स्टेजमध्ये हवा थंड करणारा: पाणी आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानात किती अंतर राहिलंय, आणि स्वच्छ असताना किती होतं. ट्यूबमध्ये गाळ बसला की पुढच्या स्टेजला गरम हवा जाते, तीच ताकद जास्त आकारमान दाबण्यात खर्ची पडते. तिसरं म्हणजे टर्बाइनच्या कंडेन्सरमध्ये घुसणारी हवा. हवा ओढून काढणारा इजेक्टर थकला असेल किंवा कुठे ग्लँड (शाफ्टचं सील) गळत असेल तर व्हॅक्यूमचं पाप पाण्याच्या माथी मारलं जातं.

युरिया_बाजू

खालच्या बाजूचाही विचार करा. आमच्याकडे एक टन युरियाला ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. हलक्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या प्लँटमध्ये सगळ्या अमोनियाचा युरिया करायला तो कार्बन डायऑक्साइड थोडा कमीच पडतो. म्हणजे अमोनिया शिल्लक राहतो, टाकीकडे जातो. आणि युरिया बंद पडला तर सगळाच टाकीकडे. उणे ३३ अंशांची ती टाकी भरत आली की वरचा प्लँट कितीही निरोगी असो, लोड कमी करावाच लागतो. अशा दिवशी तुमच्या अमोनिया प्लँटची क्षमता टाकीच्या लेव्हलवर लिहिलेली असते.

नायट्रिकवाला

नायट्रिक अॅसिडकडेही उन्हाळा असाच येतो, पण कारण गमतीशीर आहे. बहुतेक अभिक्रिया गरम केल्या की वेग घेतात. नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड होणं मात्र थंडीत जास्त वेगाने होतं, आणि शोषणालाही थंड पाणीच लागतं. पाणी तापलं की शोषण टॉवरच्या टोकाला नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात, मग लोड खाली. प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळ्या बिचाऱ्या ९०० अंशांच्या आसपास आपलं काम चोख करत असतात, अडतं ते शेवटच्या टॉवरवर.

वाचनमात्र

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा सोडवत नाहीये. एक बाहेरचा प्रश्न. मागणी कमी असेल किंवा गॅस कमी असेल तेव्हा प्लँट अर्ध्यावर का चालवत नाहीत? बंद आणि सुरू करण्यापेक्षा ते बरं नाही का?

कॉम्प्रेसरघर

चांगला प्रश्न. खाली येता येतं, पण साधारण ६०-७० टक्क्यांपर्यंतच. त्याखाली सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसर सर्जच्या रेषेला टेकतो, म्हणजे आतला प्रवाह उलटा फिरू बघतो आणि सगळं मशीन हादरतं. ते टाळायला दाबलेला गॅस परत सक्शनला फिरवावा लागतो, म्हणजे वाफ खर्च होते आणि माल निघत नाही. वाफेचं गणितही बिघडतं, कारण प्लँटमधली बरीचशी वाफ अभिक्रियांच्याच उष्णतेतून येते. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन बनवणाऱ्या नव्या प्लँटपुढे हाच प्रश्न उभा आहे. ऊन आणि वारा चढउतार करतात, कन्व्हर्टरला स्थिर वाहणारा गॅस हवा असतो. त्यात टनामागे ९ ते ११ मेगावॉट-तास वीज लागते, तेव्हा हायड्रोजनचा साठा ठेवायचा की लूप लवचीक करायचा यावर सध्या खूप काम चाललंय.

लोडवाला

काका, माझ्या वरच्या मुद्द्यावर तुमचं मत वाचायला आवडेल. तुम्ही लोड वाढवण्याच्या विरोधात आहात का?

निवृत्त_शिफ्ट

विरोधात नाही. हिशेब करून वाढवलेल्या लोडच्या विरोधात कोण असेल? माझी भीती घाईची आहे. एक घडलेली गोष्ट सांगतो, प्लँटचं नाव सांगणार नाही.

सीझनच्या तोंडावर ट्रिप झाली. रात्री परत सुरू करत होतो. वरून दर अर्ध्या तासाला फोन, "कधी येताय लाइनवर?" प्राइमरी रीफॉर्मरमध्ये (गॅस आणि वाफ ट्यूबमधून तापवणाऱ्या फर्नेसमध्ये) वाफ चालू असल्याचं पॅनेलवर दिसत होतं, पण प्रत्यक्षात प्रवाह फारच कमी होता, मीटर चुकीचा दाखवत होता. आउटलेट हेडरचं तापमान चढेना. चढणार कसं, आतून उष्णता घेऊन जायला काही वाहतच नव्हतं. बोर्डवाल्याला वाटलं फर्नेस थंड आहे. त्याने आणखी बर्नर लावायला सांगितले. मीही हो म्हणालो.

फील्डवर एक ऑपरेटर होता, फार बोलणारा नव्हता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण तो सवयीने वर चढला आणि पीपहोलमधून आत बघितलं. ट्यूब तापून पांढऱ्या पडल्या होत्या. वॉकीटॉकीवर तो ओरडला, "बर्नर मारा, सगळे मारा!" आम्ही मारले, म्हणजे बंद केले. एका रांगेतल्या अकरा ट्यूब वाकल्या होत्या, तरी फर्नेस वाचली. त्याने आणखी दहा मिनिटांनी बघितलं असतं तर मी आज हे लिहायला असतो की नाही, माहीत नाही.

त्या ट्यूबचं डिझाइन आयुष्य १,००,००० तासांचं असतं, साडेअकरा वर्षं. धातू कायम वीसेक अंश जास्त तापवला तर ते निम्म्यावर येतं. म्हणून लोड वाढवताना मी आधी ट्यूबच्या भिंतीचं तापमान विचारतो. आउटलेट हेडरचं नाही, भिंतीचं. हॉट बँड (जास्त तापलेले पट्टे) दिसतात का, पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं यंत्र) घेऊन शेवटचा कोण वर गेला होता, कधी गेला होता. ही उत्तरं मिळाली की खुशाल वाढवा.

लोडवाला

हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आमच्या स्टडीमध्ये ट्यूबच्या तापमानाचा एक तक्ता असतो, तो मी आजवर पॅनेलच्या आकड्यांवरून भरत आलोय. पुढच्या वेळी फील्डचे रीडिंग मागेन.

लॅबवाली

काका, तो ऑपरेटर अजून आहे का कामावर?

निवृत्त_शिफ्ट

निवृत्त झाला. त्या रात्रीनंतर स्टार्टअपच्या चेकलिस्टमध्ये पीपहोलची ओळ आली, दर पंधरा मिनिटांनी, सहीसकट. ती ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली.

पॅनेल_नवा

दोन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफ करा.

काकांनी सांगितलं तसं केलं. गव्हर्नर पूर्ण उघडा सापडला तो एअर कॉम्प्रेसरच्या टर्बाइनचा. सिनगॅस (हायड्रोजन-नायट्रोजनचं मिश्रण) आणि रेफ्रिजरेशन कॉम्प्रेसरच्या टर्बाइन, त्या दोघींच्या हातात अजून जागा होती. मग कॉम्प्रेसरघर यांच्या यादीने मागे गेलो. व्हॅक्यूम उन्हाच्या मानाने ठीक होता. सक्शन फिल्टर बदलायला झालाच होता, तो चालू प्लँटमध्ये बदलून घेतला, लोड ९७० वरून ९८२ झाला. खरा चोर दुसऱ्या इंटरकूलरमध्ये निघाला. कमिशनिंगच्या जुन्या फाइलमध्ये हवा आणि पाणी यांच्यात ८ अंशांचं अंतर लिहिलंय. आमचं आज २१ आहे. मागची तीन वर्षं दर महिन्याचे आकडे काढून आलेख केला, ताईंनी सांगितलं तसा. रेषा सरळ वर जाते, हिवाळ्यातही. थंड हवेमुळे तेव्हा कळलं नाही इतकंच.

तो इंटरकूलरचा ट्यूब-बंडल चालू प्लँटमध्ये काढता येणार नाही, बायपास नाहीये. सीनियरांनी तो टर्नअराउंडच्या (ठरवून प्लँट बंद करून केलेल्या दुरुस्तीच्या) यादीत घातला, पाच महिने आहेत अजून. तोवर ९८२ वरच चालवायचं ठरलं. मीटिंगमध्ये एकाने विचारलं की आणखी वाफ देऊन, वेग वाढवून १०००ला नेता येईल का. मी तुमचा फळ्यावरचा हिशेब सांगितला, ट्रिपचे तीन दिवस आणि भरपाईचे शंभर. पुढचा विषय सुरू झाला.

काल रात्रपाळीला सीनियरबरोबर रीफॉर्मरवर चढलो. पहिल्यांदाच पीपहोल उघडून आत बघितलं. सगळ्या ट्यूब एकसारख्या केशरी होत्या, फक्त तिसऱ्या रांगेत शेवटून दुसरीवर मधोमध एक किंचित उजळ पट्टा दिसला. पायरोमीटरने बाकीच्यांपेक्षा १५ अंश जास्त दाखवला. लॉगबुकात लिहिलं आहे. आज रात्री परत जाऊन बघणार आहे.